पाणी का तापत नाही?
(बंगळूर येथील मराठी श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. कपडे धुण्याच्या यंत्रातील पाणी तापेनासे झाले तर कारागिराला बोलवावे, त्यावर व्याख्यान कशाला? परंतु कारागीर येतो, हीटर बदलतो, पैसे घेऊन जातो आणि पाणी पूर्ववत थंडच राहते, असेही घडते. शिवाय या बिघाडाचा एक प्रकार असा आहे की, त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

'निदान' हा शब्द आपण आयुर्वेदाकडून घेतला. तेथे रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. उपशय म्हणजे औषध देऊन पाहणे आणि उतार पडल्यास त्यावरून रोग ताडणे. हीटर बदलून पाहणे हा उपशयच होय. पण शास्त्रकारांनी त्याला चौथे स्थान दिले आहे. आपण तेथूनच आरंभ करतो, हे मला खटकते.

प्रथम 'रूप' पाहू. पाणी मुळीच तापत नाही, की उशिरा तापते? पुष्कळ वेळा थंड पाण्याचाच धुलाईक्रम निवडलेला असतो. तेव्हा आधी ते पाहावे. समजा, यंत्रात १० लिटर पाणी आहे आणि २५ अंशांचे ६० अंश करावयाचे आहेत. २००० वॅटच्या हीटरला यासाठी सुमारे १२ मिनिटे लागतात. पण विजेचा दाब २३० व्होल्टवरून १८० वर उतरला, तर हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून सुमारे १२२५ वॅट उरते आणि तेच काम २० मिनिटांवर जाते. येथे यंत्र निर्दोष असते. काही यंत्रे ठरलेल्या अवधीत पाणी तापले नाही, तर दोष दाखवून थांबतात, आणि शिक्षा मात्र हीटरला होते.

हीटरला वीज पोहोचते की नाही, हे यंत्र न उघडताही कळते. घरातील इतर उपकरणे बंद करून विजेच्या मीटरवरील लुकलुकणारा दिवा पाहावा. ज्या मीटरवर एका युनिटला ३२०० स्पंदने असे छापलेले असते, तेथे हीटर चालू असताना तो सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो. नुसते पिंप फिरत असेल, तर तो फारच मंद चालतो.

दिवा मंद असेल, तर दोष हीटरातच आहे असे नव्हे. पाणी पुरेसे भरल्याची वर्दी मिळाल्याखेरीज यंत्र हीटर चालू करीत नाही. ही वर्दी एका बारीक नळीतील हवेच्या दाबावरून मिळते आणि ती नळी साबणाच्या गाळाने तुंबू शकते. तापमान सांगणारा संवेदक खोटे बोलू लागला, तरी हीटर थंडच राहतो. या संवेदकाचा रोध पाणी तापताच कमी होतो; गरम पाण्यात बुडवून तो खरेच घटतो का, हे मल्टिमीटरने पाहता येते. हीटरचा स्वतःचा रोध, त्याच्या तारा सोडवून मोजल्यास, २००० वॅटसाठी सुमारे २६ ओहम भरावा. अनंत रोध दिसला, तर आतील तार तुटली आहे. हे सर्व प्लग काढल्यावरच करावयाचे, हे सांगणे नलगे.

आता 'निदान', म्हणजे मूळ कारण. या शहराला १९०५ साली शिवनसमुद्रच्या कावेरीने वीज दिली, आणि १९७४ पासून तीच नदी सुमारे १०० किलोमीटरवरून पिण्याचे पाणीही पुरवू लागली. पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. तरीही अनेक वसाहती बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यावर विसंबून आहेत, आणि भूगर्भातील पाणी बहुधा जड असते. तापताच त्यातील विरघळलेला चुना हीटरवर थर धरून बसतो. या थरामुळे पाणी उशिरा तापते, ही समजूत मात्र फारशी खरी नाही. खर्चलेली वीज अखेर पाण्यातच जाते. हानी हीटरची होते. थराखाली त्याचे कवच अतिशय तापते, कालांतराने त्याला चीर पडते आणि आतील निरोधक भुकटीत ओल शिरते.

अशा वेळी वीज यंत्राच्या पत्र्याकडे झिरपू लागते. घरात ३० मिलिअँपिअरचा संरक्षक स्विच असेल, तर पाणी तापू लागताच तो उडतो. आणि मग कोणी शहाणा सुचवतो : हा स्विच सारखा त्रास देतो, त्याला वगळून जोडणी करा! हे कधीही करू नये. अर्थिंग तुटलेले असून स्विचही वगळला, तर ओल्या हातांनी पत्र्याला स्पर्श करणाऱ्याच्या देहातून ती वीज जमिनीत जाते. यंत्राला हात सहसा गृहिणीचा किंवा मोलकरणीचा लागतो. जोडणी बदलणारा तेव्हा जवळपासही नसतो.

साध्या मल्टिमीटरला ही गळती दिसेलच असे नाही, कारण त्याची बॅटरी क्षीण असते. जाणत्या विजेच्या कारागिराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी करवून घ्यावी, आणि त्याच भेटीत सॉकेटचे अर्थिंगही पाहावयास सांगावे. नवा हीटर बसवल्यावर कपडे न घालता ६० अंशांचा एक धुलाईक्रम चालवावा आणि पुन्हा मीटरच्या दिव्याकडे लक्ष द्यावे : पाणी भरेपर्यंत मंद, त्यानंतर झरझर, आणि पाणी तापल्यावर पुन्हा मंद.