दूरचं बेट, जवळचं बेट



मी पनवेलची. प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं. नकाशावर छडी ठेवून मुलांना बेट म्हणजे काय ते सांगितलं. चारही बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट. मुलं पाठ म्हणायची आणि मीही पुढच्या धड्याकडे वळायची. त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो निवृत्तीनंतर, आणि त्यासाठी मला दोन बेटांवर जावं लागलं. एक फार लांबचं, एक अगदी दाराशी असलेलं. त्या दोन सहलींविषयी आज बोलणार आहे.

आमचा चौदा जणांचा एक गट आहे. रोज सकाळी वडाळे तलावाभोवती फिरायचं, मग बाकावर बसून थोड्या गप्पा आणि ज्याच्या-त्याच्या घरी. गटात तीन शिक्षक, दोन बँकवाले, एक एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर आणि बाकी आम्हा सगळ्यांना सांभाळणाऱ्या गृहिणी. आम्ही भिशी लावली ती सहलीसाठी. आधी गणपतीपुळे, मग हंपी. आणि एकदा एसटीवाले काका म्हणाले, "आयुष्यभर लोकांना तिकिटं दिली. एकदा आपलंही लांबचं तिकीट काढू." ठरलं, ग्रीसची बेटं. आमच्या ह्यांनी जुना ॲटलास काढला आणि लाल पेन्सिलीनं एकेका बेटाभोवती गोल करायला सुरुवात केली. ग्रीसला लहानमोठी मिळून सुमारे सहा हजार बेटं आहेत, वस्ती असलेली सव्वादोनशेच्या आसपास. हे म्हणाले, "रोज एक बघितलं तरी सोळा वर्षं लागतील. लवकर निघायला हवं."

निघायचं होतं एप्रिल २०२० मध्ये. तेव्हा काय झालं ते तुम्हा-आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मार्चच्या शेवटी विमानं जमिनीवर आली आणि आपण सगळे घरात बसलो. त्या अर्थानं प्रत्येक घर तेव्हा बेट झालं होतं. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पुढे व्यायामानं पाय थोडा हलू लागला, शब्द मात्र मोजकेच परत आले. "हो", "नाही", "पाणी" आणि माझं नाव. समजायचं सगळं, पण बोलता येत नसे.

ज्यांच्या घरी असा आजारी माणूस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. औषधाच्या वेळा, रात्रीचं उठणं, कूस बदलणं. दीड वर्षात मी पनवेलच्या बाहेर एकदाही गेले नाही. गटानं सहल पुन्हा ठरवली तेव्हा मी नाव काढून घ्यायला गेले. त्यावर आमच्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "काकू, तुम्ही दहा दिवस जा. तुम्ही पडलात तर या घरात दोन पेशंट होतील." पुण्याहून नणंद राहायला आली. आणि ह्यांनी डाव्या हातानं तो ॲटलास माझ्याकडे सरकवला. त्या लाल गोलांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हो."

तरी लोक बोललेच. नवरा अंथरुणाला आणि ही चालली परदेशाला! मला तोंडावर कोणी म्हटलं नाही, पण ऐकू आलंच. खरं सांगते, लोकांपेक्षा मी स्वतःलाच ते जास्त वेळा म्हटलं होतं. २०२३ च्या हनुमान जयंतीनंतर दोन दिवसांनी आम्ही निघालो, तेव्हा माझ्या बॅगेत मेतकूट, चिवडा आणि हे ओझं असं सगळंच होतं.

अथेन्समध्ये उतरल्यावर रस्त्यावरच्या पाट्या वाचायचा आमचा खेळ सुरू झाला. एका पाटीवर गावाच्या मध्यभागाकडे जाणारा बाण होता आणि खाली शब्द होता, केंत्रो. म्हणजे आपलं केंद्र! हा शब्द ग्रीकांकडून ज्योतिषाच्या वाटेनं आपल्याकडे आला. 'होरा' हाही त्यांचाच. आणि आपण ज्याला दाम म्हणतो तो त्यांच्या द्राख्म नावाच्या नाण्यापासून आलेला. हे काही नवल नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची जी माहिती लिहून ठेवली, तिच्यात कल्याण बंदराचं नाव आहे, चौलचं आहे. घाट चढून कार्ल्याला गेलात तर तिथल्या लेण्यात खांबांसाठी दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली दिसतात. पनवेल या दोहोंच्या मधल्या वाटेवरचं गाव. तेव्हा माणसांची ही ये-जा फार जुनी आहे, आम्ही फक्त दोन हजार वर्षं उशिरा परतभेट द्यायला गेलो होतो.

जेवणाची आम्हाला धास्ती होती, कारण गटातले निम्मे शाकाहारी. पण नशीब असं, की त्यांच्या ईस्टरच्या आधीचे दिवस होते. त्या चाळीस दिवसांत तिथले श्रद्धाळू लोक मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. म्हणजे आपल्या चातुर्मासासारखंच. त्यामुळे प्रत्येक खानावळीत उपासाचे पदार्थ तयार! सांतोरिनी बेटावर 'फावा' म्हणून पिवळ्या डाळीचं घट्ट वरण मिळतं, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. एका ताईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर फोडणी द्यायची राहिलेलं पिठलं!" मोठ्या पांढऱ्या वालांची भाजीही खाल्ली. बिरड्याची सर नाही, पण परक्या देशात वाल भेटले याचाच आनंद.

आणि तिथला वसंत! उन्हाळ्यात ही बेटं करपून तपकिरी होतात म्हणे. एप्रिलमध्ये मात्र दगडादगडांतून लाल पॉपी आणि पिवळी-पांढरी रानफुलं उगवलेली असतात. गर्दी नसते, हवा पनवेलच्या जानेवारीसारखी. वयस्कर माणसांनी जायचं तर हाच हंगाम.

मिकोनॉसहून अर्ध्या तासाच्या बोटीवर डीलॉस नावाचं लहानसं बेट आहे. त्यांचा सूर्यदेव अपोलो तिथं जन्मला अशी कथा. एके काळी हे मोठं व्यापारी बंदर होतं, गुलामांचा बाजारही इथंच भरे. आज तिथं वस्ती नाही. राखणदार आणि उत्खनन करणारे सोडले तर रात्री कोणी राहू शकत नाही. मोडकी देवळं, जमिनीवरची रंगीत खड्यांची चित्रं आणि संगमरवरी सिंहांची रांग. जागेवरचे सिंह प्रतिकृती आहेत, मूळचे जपून ठेवले आहेत.

आमच्या वाटाड्या बाईंनी तिथं एक गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी ४२६ साली अथेन्सच्या लोकांनी हे बेट पवित्र करायचं ठरवलं. सगळी थडगी उकरून समोरच्या रिनिया बेटावर नेली आणि नियम केला, की या बेटावर यापुढे कोणी जन्मायचं नाही आणि कोणी मरायचं नाही. बाळंतीण होणारी बाई आणि शेवटचे दिवस मोजणारा आजारी, दोघांनाही होडीत घालून पलीकडे न्यायचं.

बाकीचे पुढे गेले. मी एका दगडावर बसले. चारही बाजूंनी निळं पाणी, पायाशी फुलं, आणि मला त्या होड्या दिसू लागल्या. ज्या जागेचं सगळं महत्त्व एका जन्मामुळे, तिथं जन्माला मनाई! आणि आजाऱ्याला जागाच नाही. मग वाटलं, मी तरी काय केलं? आजारी माणसाला पलीकडच्या किनाऱ्यावर ठेवून या सुंदर बेटावर आले. अगदी रडू आलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. नणंदेनं फोन ह्यांच्यासमोर धरला. मी त्यांना डीलॉसचा नियम सांगितला, रडत-रडतच. ते ऐकत होते. मग डोळे बारीक झाले, ओठ वाकडे झाले आणि कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं. एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले, "मग... मी... नकोच तिथं." नणंदही हसली, मीही हसले. माझ्या बॅगेतलं ओझं तिथंच कमी झालं. आजारी माणसाला आपण कायम त्याच्याजवळ बसून राहायला नको असतं, कधीकधी त्याला आपण बाहेरून काहीतरी घेऊन यायला हवे असतो, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढे सांतोरिनीला गेलो. हे बेट म्हणजे एका ज्वालामुखीची उरलेली कड. साडेतीन हजार वर्षांहून जास्त काळापूर्वी त्याचा प्रचंड स्फोट झाला आणि अक्रोतिरी नावाचं गाव राखेखाली गेलं. ते उकरलं तर तीन मजली घरं, रांजण, भिंतीवरची चित्रं सगळं मिळालं, पण माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत. धोका ओळखून ती वेळेवर निघून गेली असावीत. १४ एप्रिलला त्यांचा गुड फ्रायडे होता. पिर्गोस या टेकडीवरच्या गावात अंधार पडताच गच्च्यांवर, कठड्यांवर, पायऱ्यांवर हजारो डबे पेटवले. साधे पत्र्याचे डबे, आत वात. सगळी टेकडी उजळली. आमच्यातली एक बाई पटकन हात जोडून उभी राहिली. शेजारच्या ग्रीक आजीनं तिच्याकडे पाहून मान डोलावली. भाषा लागलीच नाही.

घरी आले. ह्यांना फोटो दाखवत बसले. डीलॉसचा फोटो आला तसं त्यांनी बोट उचललं आणि खिडकीकडे दाखवलं. मला कळेना. ॲटलास आणला तर त्यांनी मुंबईच्या शेजारच्या निळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "घारापुरी," ते म्हणाले.

श्रोतेहो, मला लाज वाटली. पनवेलमध्ये लग्न होऊन आले त्याला ४० वर्षं झाली होती. उरणच्या बाजूला गेलं की घारापुरीचा डोंगर समोर दिसतो. दरवर्षी जाऊ म्हणायचो आणि दरवर्षी राहायचं. जवळचं आहे ना, कधीही जाता येईल! डीलॉसवरही रात्री पर्यटकांना राहता येत नाही, घारापुरीवरही नाही. डीलॉस १९९० साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. घारापुरीची लेणी त्याआधी तीन वर्षं, १९८७ साली गेली होती. आणि आमच्या वेळापत्रकात मात्र तिचा नंबर डीलॉसनंतर!

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि मार्चमध्ये, पळस-पांगारा फुललेला असताना, आमचा चौदाचा गट ह्यांना घेऊन निघाला. न्हावा-शेवाकडून पुलावर चढलो तसं घारापुरी बेट दिसू लागलं. गाडीत शांतता. गेटवेवर बोटवाल्यांनी ह्यांना खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. बेटावर वर जायला १२० पायऱ्या. तिथं डोली मिळते. खुर्चीला बांबू, चौघांचे खांदे. उचलताना एकानं विचारलं, "बाबा, कुठनं आलात?" मी म्हटलं, "पनवेलहून." तो दुसऱ्याला म्हणाला, "बघ, एवढ्या जवळनं! ही माणसं घरी पाहुणा आला तरच येतात." मग स्वतःविषयी सांगू लागला. त्याच्या बेटावर वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राखालच्या केबलनं. समोर मुंबईचे दिवे लखलखताना दिसायचे आणि यांच्याकडे रात्री जनरेटर काही तास. जवळ असणं म्हणजे पोचणं नव्हे, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

लेण्यात उन्हाची तिरीप होती. तीन मुखांच्या त्या प्रचंड शिवमूर्तीसमोर डोली ठेवली. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी हा डोंगर आत-आत कोरत नेला. ह्यांनी खूप वेळ पाहिलं. मधलं मुख मिटल्या डोळ्यांचं, शांत, एक शब्दही न बोलणारं. मग माझा हात धरून म्हणाले, "बोलत... नाही... तरी..." पुढचा शब्द सापडला नाही. मला तो लागलाही नाही.

त्यानंतर दोन्ही बेटं बातम्यांत आली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि अनेकांचे जीव गेले. आणि २०२५ च्या सुरुवातीला सांतोरिनीची जमीन आठवडेच्या आठवडे हादरत राहिली, हजारो लोक बोटीनं आणि विमानानं बेट सोडून गेले. त्या डबे पेटवणाऱ्या आजी कुठं असतील, असं मनात आलं. म्हणून बोटीत बसाल तेव्हा जीवरक्षक जॅकेट घाला, फोटो बिघडतो म्हणून काढून ठेवू नका. आणि जायचं ते लांबणीवर टाकू नका. दूरच्यासाठी भिशी लावावी लागते, जवळच्यासाठी फक्त एक रविवार. घरात आजारी माणूस असेल तर त्याला विचारा, त्याचं मत गृहीत धरू नका.

जुलै २०२५ मध्ये शिवकालीन किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या यादीत आपली खांदेरी आहे, अलिबागजवळच्या थळच्या समोरची. ही बातमी वाचून दाखवली तसं ह्यांनी ॲटलास मागितला. लाल गोल झाला आहे. तिथं खुर्ची बोटीतून कशी उतरवायची, यावर सध्या वडाळे तलावाच्या बाकावर रोज सकाळी चर्चा चालू आहे.