भ्रमणध्वनी मूक होतो तेव्हा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मोबाईलच्या बॅटरीविषयी बोलावयाचे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या जबलपुरात १९४२ पासून दूरसंचाराचे शिक्षण देणारी संस्था नांदते आहे, आणि जी आज भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाते, तेथे हा विषय परका नाही. शिवाय हा प्रश्न यंत्राचा नाही, वाट पाहणाऱ्या माणसांचा आहे.

भेडाघाटचीच सहल घ्या. मित्रमंडळी धुआंधारपाशी पोहोचतात आणि पांगतात. कोणी रोपवेने पलीकडे जातो, कोणी चौसष्ट योगिनींच्या पायऱ्या चढतो, कोणी पंचवटी घाटावर नावेसाठी थांबतो. दिवसभर छायाचित्रे घेतली जातात, उन्हामुळे पडद्याचा उजेड वाढविलेला असतो, आणि जेथे रेंज क्षीण, तेथे मनोऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी फोनला अधिक शक्ती खर्चावी लागते. परिणामी ऐन परतीच्या वेळी तो मूक होतो.

३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण झाले, तेव्हा हे यंत्र केवळ आवाज वाहून नेत असे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि आपले पैशाचे पाकीटही त्यात गेले. नकाशा, तिकिटे, आप्तांचे क्रमांक, सारे त्याच्याच स्वाधीन. मित्राचा फोन मागून घेता येतो, पण लावावयाचा कोणता क्रमांक? आपले सिमकार्ड त्याच्या फोनात घातले तरी नावांची यादी बहुधा बंद पडलेल्या फोनातच राहते.

म्हणून काही साधे नेम सुचवितो. पांगण्यापूर्वी भेटीची जागा आणि वेळ ठरवावी. दोन क्रमांक मुखोद्गत असावेत, आणि तेच चिठ्ठीवर लिहून थोड्या रोख रकमेसह खिशात ठेवावेत. पॉवर बँक जवळ असावीच, तथापि तीही भरून घ्यावी लागते हे विसरू नये. चमूतील एक फोन संध्याकाळपर्यंत बंद ठेवावा. संकटप्रसंगी कोणाच्याही फोनवरून ११२ हा क्रमांक फिरवावा.

परंतु सर्वांत महत्त्वाचा नेम वेगळाच आहे. बॅटरी दहा टक्क्यांवर आली की छायाचित्रे थांबवावीत आणि घरी एक निरोप धाडावा: 'बॅटरी संपत आहे, अमक्यासोबत आहे, आठपर्यंत पोहोचतो, त्याचा क्रमांक हा.' एवढ्या चार शब्दांसाठी पुरेशी शक्ती त्यात असते. हे कां सांगतो? फोन बंद असल्याची ती यांत्रिक सूचना बॅटरी संपली असता जशी ऐकू येते, तशीच नर्मदेच्या काठी काही विपरीत घडले असताही ऐकू येते. घरी बसलेल्या आईला त्या दोहोंतील भेद कळावयाचा कसा?

ट्रंक कॉलच्या काळात तासन्‌तास वाट पाहणे अंगवळणी पडले होते, पत्र आठवडाभर लांबले तरी कोणी घाबरत नसे. आज दहा मिनिटांचे मौनही असह्य होते. आणि आपल्यांतील कित्येकांची मुले पुण्याला, बंगळूरला वा परदेशी आहेत. येथे मागे राहिलेल्या वृद्धांचा फोन सहलीत बंद पडला तर तिकडे मुलांचाही जीव टांगणीला लागतो. नेम लहानांइतकाच थोरांनाही लागू आहे.

मंडळास एक विनंती आहे. यापुढे सहलीला निघताना प्रत्येकाचे नाव आणि त्याच्या घरचा एक क्रमांक कागदी वहीत लिहून ती वही संयोजकाजवळ ठेवावी. परप्रांतात आपण मंडळे स्थापिली ती अडीअडचणीला कोणी जवळचे असावे म्हणून. यंत्र मूक झाले तरी आपले माणूस कोठे आहे हे ठाऊक असणारा कोणी असावा, इतकेच त्या वहीचे प्रयोजन.