वय झालें म्हणून?

सत्तरी ओलांडलेले आजोबा रोजच्या वाटेवर चुकूं लागले, बोलतांना त्यांचे शब्द अडूं लागले, कीं घरांतील मंडळी म्हणतात, "वय झालें, चालायचेंच." श्रोतेहो, साध्या विसराळूपणापुरतें तें खरेंही असतें. परंतु वार्धक्यांतील विस्मरण वर्षावर्षानें वाढत जातें. तोच बदल कांहीं आठवड्यांत घडून आला, तर त्याचा दोष वयाला देऊन स्वस्थ बसूं नये.

असल्या झपाट्याच्या बदलाचें एक विरळ कारण म्हणजे मेंदूंतच उद्भवणारा लिम्फोमा. हा पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग होय. मेंदूंत मूळ धरणाऱ्या शंभर गांठींत अशा गांठी तीनचारच आढळतात. मात्र त्या झालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक साठीपलीकडचे असतात.

एम्. आर. आय. चित्रावरून संशय येतो, निश्चिति होत नाहीं. त्यासाठीं कवटीस लहानसें छिद्र पाडून सुईनें गांठीचा तुकडा काढावा लागतो. येथेंच एक मोठा चकवा आहे. मेंदूची सूज उतरविण्यासाठीं स्टेरॉइड दिलें, कीं सुजेबरोबर या गांठीच्या पेशीही मरूं लागतात. आजोबा बोलूं लागतात, घरांत आनंद होतो. पण मग तुकडा तपासला तर पुष्कळदां त्यांत कांहींच सांपडत नाहीं, आणि कांहीं काळानें रोग पुन्हां डोकें वर काढतो. म्हणून जिवावर बेतलें नसेल, तर आधीं तुकडा, मग स्टेरॉइड, हाच क्रम डॉक्टर पसंत करतात.

ही गांठ आसपासच्या मेंदूंत मुरलेली असल्यामुळें ती कापून काढण्यावर भिस्त ठेवीत नाहींत. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. रक्त व मेंदू यांमधील पडदा ओलांडावा म्हणून तें फार मोठ्या मात्रेंत शिरेवाटे देतात, आणि मागाहून ल्यूकोव्होरिन देऊन शरीराच्या इतर पेशींचें रक्षण करतात. हें औषध मूत्रपिंडें बाहेर टाकतात; म्हणून त्याची मात्रा मूत्रपिंडांची शक्ति पाहून ठरवितात, केवळ जन्मसाल पाहून नव्हे. संपूर्ण डोक्यावर किरणोपचार केल्यास गांठ विरते, परंतु वृद्धांची स्मृति व चाल त्यानें पुष्कळदां कायमची बिघडते. यास्तव तो उपाय शक्यतों मागें ठेवतात.

तरुणांइतकें यश वृद्धांत येत नाहीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तथापि उपचाराविना हा रोग बहुधा थोड्या महिन्यांत प्राण घेतो, आणि उपचारानें कित्येकांना वर्षें लाभतात. तीं मिळविण्यासाठीं झटावें, कीं केवळ वेदनाशमन घ्यावें, हें ठरविण्याचा अधिकार रोग्याचा आहे. आणि तो बजावण्याइतकी समज त्यास असतांनाच निदान झालें पाहिजे. तेव्हां घरांतील वडील माणूस एकाएकीं बदललें, तर बदलाची तारीख लिहून ठेवा, आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जा.