दुर्गाबाई कुणाकडे कामाला होत्या?



मागच्या महिन्यात नातीला घेऊन दिल्ली मेट्रोच्या गुलाबी मार्गाने चालले होते. घोषणा झाली, ‘अगला स्टेशन, दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस.’ नात नऊ वर्षांची, गुरुग्रामात वाढणारी. तिनं विचारलं, “आजी, या दुर्गाबाई कुणाकडे कामाला होत्या?”

मी तिला सांगितलं, की घटना समितीत मोजक्या पंधरा स्त्रिया होत्या, त्यांतल्या या एक. पुढे केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९५३ साली आपल्या चिंतामणराव देशमुखांशी लग्न केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पण तिचा प्रश्न काही माझ्या मनातून जाईना. तिच्या कानावर ‘बाई’ हा शब्द येतो तो ‘आज बाई नहीं आई’ एवढ्याच वाक्यात. मग मुलीनं दुसरं काय समजावं?

आपल्याकडे जिजाबाई, ताराबाई, सावित्रीबाई. दचकलो तर तोंडून ‘अगंबाई’ निघतं. शाळेत शिकवते ती बाई. माझी आई पुण्याच्या शाळेत सव्वीस वर्षं नुसती ‘बाई’ होती. कित्येक मुलींना तिचं नावही ठाऊक नसेल. निवृत्त होऊन ती माझ्याकडे दिल्लीला आली. एकदा तिची जुनी विद्यार्थिनी भेटायला आली आणि जिन्यातूनच हाक मारत वर आली, “बाई! अहो बाई!” संध्याकाळी शेजारीण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, की माताजींना असं चारचौघांत कुणी म्हणू नये, इथे बरं दिसत नाही. तिच्या मनात काळजीच होती. आईला मी हे कधी सांगितलं नाही.

शेजारणीच्या कानात जी बाई होती ती कोठ्यावरची. चावडी म्हटलं की आपल्याला गावची पंचायत आठवते. इथला चावडी बाजार एकोणिसाव्या शतकात तवायफांसाठी प्रसिद्ध होता. पण तिथंही बाई हा मानाचाच शब्द होता हे लक्षात घ्या. गाणाऱ्या स्त्रीच्या नावापुढे ‘बाई’ किंवा ‘जान’ लागे ते तिच्या गळ्यातल्या विद्येमुळे. शब्द उतरला तो नंतर, तिच्या घरी गाणं ऐकायला जाणाऱ्यांनीच तिला उजेडात ओळख द्यायचं नाकारलं तेव्हा.

काश्मिरी गेटजवळची कुदसिया बाग आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती करवली उधमबाईनं. नर्तकी म्हणून मुहम्मदशाहाच्या महालात आलेली ही स्त्री. मुलगा अहमदशाह १७४८ साली तख्तावर बसला आणि उधमबाईची कुदसिया बेगम झाली. वर चढायचं तर ‘बाई’ खाली ठेवावी लागली. आता तिच्या शेजारी दुसरी एक स्त्री ठेवून बघा. १७५४ च्या मार्चमध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. जूनमध्ये मराठी फौजेच्या बळावर वजिरानं अहमदशाहाला तख्तावरून खेचलं, पुढे त्याला आंधळं केलं. उधमबाईही कैदेत गेली. आणि खंडेरावांची विधवा पुढे माळव्यातल्या होळकरांच्या राज्याची धनीण झाली, तीही बाईच राहून: अहिल्याबाई. एकाच वर्षानं दोघींचं आयुष्य उलटंपालटं केलं, आणि एकच शब्द दिल्लीत टाकून द्यायचा होता, महेश्वरात मिरवायचा. मला हे फार लागतं.

दोनशे वर्षांनी तेच. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ साली एका बॅरिस्टरशी लग्न करून बेगम अख्तर झाल्या. आपल्या केसरबाई मात्र केसरबाईच राहिल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे.

हे आपल्याच नशिबी आलं असंही समजू नका. चिनी भाषेत ‘श्याओजिए’ असा शब्द आहे. एके काळी तो हलक्या समजल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी होता. पुढे सधन घरच्या लेकींना लागू लागला, मग ‘कुमारी’सारखा सर्वांनाच. १९४९ नंतर सगळेच ‘कॉम्रेड’ झाले आणि तो मागे पडला. बाजार खुला झाल्यावर हॉटेलांतून परत आला, आणि कराओकेच्या बारमधून देहविक्रीला चिकटला. आज चीनच्या उत्तरेत अनोळखी मुलीला तसं हाकारलं तर ती दुखावेल. तैवानात तीच साधी, सभ्य हाक आहे. दोन्हीकडे शब्द एकच. ज्या बाईला तो चिकटवला तिच्याशी लोक कसे वागले, त्यावर त्याचं नशीब ठरलं.

दिल्लीची ‘बहनजी’ बघा. हिंदी शाळांत शिक्षिकेला मुलं बहनजी म्हणत; आता कॉलेजातल्या पोरी साध्या कपड्यातल्या मुलीला त्याच शब्दानं हिणवतात. आपणही घरकामाच्या बाईला ‘मावशी’ म्हणू लागलो. चांगलं वाटतं ऐकायला. पण आमच्या सोसायटीत तिला वेगळ्या लिफ्टनं जावं लागतं, आणि तेच चालू राहिलं तर वीस वर्षांनी एखादी नात विचारेल, की मावशी म्हणजे भांडी घासणारी ना? तेव्हा आपण कुठला शब्द आणणार आहोत? उसनी घ्यायला नाती तरी किती उरली आहेत?

आई गेली त्याला आता अकरा वर्षं झाली. तिच्या ट्रंकेत विद्यार्थिनींची पत्रं निघाली. कुणी डॉक्टर, कुणी साताऱ्याकडे शेती बघणारी. नातीला मराठी वाचता यावं म्हणून मी हल्ली तीच पत्रं तिच्यापुढे ठेवते. तिला वरचा मायना लगेच वाचता येतो, कारण बहुतेक पत्रांत तो दोन अक्षरांचाच आहे. ‘बाई,’ आणि खाली मजकूर सुरू.