वरचे पाचशे रुपये



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास मोठमोठे विद्वान येतात. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. शेकड्याचा हिशेब मी शाळेत शिकलो नाही. जिनिंगच्या वजनकाट्याजवळ उभे राहून, कापसाच्या गाडीमागे कडता किती कापला जातो हे पाहता पाहता शिकलो. तेव्हा माझ्याजवळ आपल्याला देण्यासारखी विद्वत्ता नाही, एक हिशेब आहे. तो क्रेडिट कार्डाच्या कर्जाचा आहे, आणि तो मी आधी स्वतःच्या घरात चुकवला, मग शिकलो.

काही वर्षांपूर्वी घरी दुखणे आले. हाती रोकड नव्हती, कार्ड होते. दवाखान्याचे बिल भागले तेव्हा मला त्या कार्डाचे उपकारच वाटले. पुढे महिन्याच्या महिन्याला बिल येऊ लागले. त्यावर दोन आकडे असत: एक एकूण देणे, दुसरा किमान देणे. किमान भरले की दंड नाही, वसुलीचा फोन नाही. मी इमानाने किमान भरत गेलो. वर्षाने पाहतो तो कर्ज जवळजवळ जिथल्या तिथे! ही गोष्ट मी बायकोपासून लपवली, संघटनेतल्या साथींपासूनही लपवली. जो माणूस गेटवर उभा राहून मालकाला पै-पैचा हिशेब विचारतो, त्याला स्वतःचा हिशेब येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

मग एके दिवशी एक साथी आपले बिल घेऊन आला. म्हणाला, "दादा, आपण भांडून पगारवाढ घेतली, मंग ते पैसे घरी काहून दिसत नाहीत?" मी त्याचे बिल वाचले आणि माझेही काढून शेजारी ठेवले. दोघांच्या वाढीचे पैसे एकाच वाटेने जात होते. त्या रात्री आम्ही दोघांनी कागदावर जो हिशेब मांडला, तोच आज आपल्यापुढे मांडतो.

समजा, देणे 50,000 रुपये आहे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के. पहिल्या महिन्याचे व्याज झाले 1,750 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 315 रुपये. एकूण 2,065. किमान देणे शेकडा पाच धरले तर आपण भरतो 2,500. त्यातून 2,065 वजा जाता मुद्दलात पडले किती? फक्त 435 रुपये! गाडीभर कापूस आणावा आणि काट्यावर ओंजळभर मोजला जावा, तशातली ही गत.

बरे, मुद्दल कमी झाले की पुढचे किमान देणेही थोडे कमी होते. आपल्याला वाटते, ओझे हलके झाले. प्रत्यक्षात कर्जाचे आयुष्य वाढलेले असते. एकही नवी खरेदी न करता पाच वर्षे असेच किमान भरत राहिलो, तर 1,17,000 रुपयांहून अधिक भरून होतील, आणि तरीही सुमारे 29,600 रुपये देणे उरेल.

आता यावर उपाय काय? मोठी रक्कम कोठून आणावयाची? माझे सांगणे असे, की मोठी रक्कम नसेल तर लहान आणा. पण ती किमान देण्याच्या वर आणा. या महिन्याचे व्याज 2,065 आहे, ते तुम्ही 2,500 भरा की 3,000, तेवढेच आहे. वरच्या पाचशेला व्याजाचा वाटा द्यावा लागत नाही. ते अख्खेच्या अख्खे मुद्दलावर पडतात. म्हणून 435 च्या जागी 935 रुपये मुद्दल फिटते, दुपटीहून अधिक. दरमहा 2,500 रुपये न घटवता भरले तर हे कर्ज 44 महिन्यांत फिटते. 3,000 भरले तर 29 महिन्यांत. पंधरा महिने आधी सुटका, आणि वाचले सुमारे 21,600 रुपये. पाचशे रुपयांना एवढी मजुरी आपल्या तालुक्यात दुसरे कोण देते?

मात्र तीन पथ्ये आहेत. पहिले, फेडीच्या काळात ते कार्ड पेटीत ठेवावे. मागचे देणे पुरते फिटले नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. दुसरे, व्याज दिवसावर मोजले जाते, म्हणून पगार झाला त्याच दिवशी पैसे भरावे, शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. तिसरे, हात कितीही आखडला तरी किमान देणे चुकवू नये. नाहीतर दंडाची भर पडते. दोन कार्डे असतील तर ज्याचा दर अधिक, त्यावर वरचे पैसे टाकावे. आणि पगारदारांच्या पतसंस्थेकडून कमी व्याजाचे कर्ज मिळत असेल तर ते घेऊन हे जड कर्ज मिटवावे. मात्र त्यानंतर कार्ड पुन्हा भरू देऊ नये.

कोणी म्हणेल, हे सरकारने पाहावे. काही पाहिलेही आहे. केवळ किमान रक्कम भरल्यास फेड वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा बिलावर छापावा, असे रिझर्व्ह बँकेने 2022 साली कार्ड देणाऱ्यांना बजावले. 30 टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. दरावर मर्यादा हवी, ही मागणी आपण सोडू नये. पण मागणी मान्य होईपर्यंत व्याज काही थांबून राहत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, त्याच जिल्ह्यात, सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे काढून जाळली. त्यांना आपले खत निदान डोळ्यांनी दिसत होते. आपले खत यंत्राच्या पोटात आहे. ते जळत नाही, वाचावे मात्र लागते. सुप्याचे शेतकरी एकत्र आले होते, आपण मात्र लाजेने एकेकटे बसतो. म्हणून आमच्या संघटनेच्या कचेरीत आम्ही महिन्यातून एकदा बसतो, आपापली बिले मोठ्याने वाचतो. पहिले बिल मी माझे वाचले होते. आवाज कापत होता. वाचून झाल्यावर खाली बसलो, तो आणखी सहा जणांनी खिशातून कागद काढले.

आपणही आज घरी गेल्यावर तो कागद काढा, घरच्या माणसांसमोर वाचा, आणि वरचे शंभर होतात की पाचशे ते मिळून ठरवा.