‘स्टार ऑफ इंडिया’ अजून शिडं उभारते



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरवर बोलायला सांगितलं होतं. पण मागचे बाक डुलक्या काढतील (तेव्हाही काढायचेच), म्हणून आज एका जहाजाबद्दल बोलते.

अमेरिकेत सॅन डिएगोच्या बंदरात ‘स्टार ऑफ इंडिया’ हे तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे. १८६३ साली आइल ऑफ मॅन बेटावर बांधलं, तेव्हा नाव होतं ‘युटर्पी’. बहुतेक जहाजं लाकडी असण्याच्या काळात याचं अंग लोखंडी. इंजिन तेव्हा नव्हतं, आजही नाही. पहिल्या दोन्ही सफरी कलकत्त्याच्या आणि दोन्ही अपशकुनी. पहिल्या वेळी दुसऱ्या जहाजाशी टक्कर आणि खलाशांचं बंड. दुसऱ्या वेळी बंगालच्या उपसागरात वादळ, डोलकाठ्यांचे वरचे भाग तोडून टाकावे लागले. परतताना कप्तान वारला. पण जहाज टिकलं. न्यूझीलंडला स्थलांतरित नेताना पृथ्वीला २१ फेऱ्या मारल्या, मग अलास्काच्या सामन मासळीच्या धंद्यात राबलं. १९०६ मध्ये आताचं नाव मिळालं, १९२३ मध्ये काम थांबलं.

संग्रहालय करायचं म्हणून १९२७ मध्ये सॅन डिएगोला आणलं आणि मग मंदी आली, युद्ध आलं. जहाज धक्क्याला गंजत राहिलं. १९५७ मध्ये ॲलन व्हिलिअर्स हा शिडाच्या जहाजांवरचा जुना खलाशी आणि लेखक तिथे आला आणि त्याने गावाला चारचौघांत सुनावलं. तेव्हा कुठे दुरुस्ती सुरू झाली. ४ जुलै १९७६ ला जहाज शिडं उभारून पुन्हा समुद्रात गेलं.

मला यातली खरी अडचण लोखंडाची वाटत नाही. पत्रा बदलता येतो, दोर नवा आणता येतो. पण मधल्या पन्नास वर्षांत ते चालवणारे हातच संपत आले होते. अशा जहाजावर प्रत्येक दोराची बांधायची खुंटी ठरलेली असते. काळोखात, पावसात हात नेमका तिथेच जावा लागतो. वाऱ्यातून तोंड फिरवायचं तर शिडांच्या आडव्या काठ्या माणसांनी एकाच वेळी ओढायच्या. एक टोळी उशिरा ओढली की जहाज मध्येच अडकतं. हे वहीत लिहून येत नाही. सुदैवाने कप्तान कार्ल बोमन मिळाले. त्यांनी पूर्वी तटरक्षक दलाचं शिडाचं प्रशिक्षण जहाज ‘ईगल’ चालवलं होतं. आता तिथले स्वयंसेवक वर्षभर सराव करतात, तेही एखाद्या दिवसाच्या सफरीसाठी.

एवढं जुनं जहाज बाहेर काढायचंच कशाला, असं विचारणारे आहेत, आणि त्यांची काळजी खोटी नाही. लंडनची १८६९ ची ‘कटी सार्क’ १९५४ पासून कोरड्या गोदीत आहे, देखणीही आहे. तरी माझं मत बाहेर काढण्याच्या बाजूने. आमच्या धंद्यात बॅकअप रोज घेतात. तो परत उभा राहतो का, हे मात्र कोणी पाहत नाही. जहाज बाहेर न्यायचंय म्हटलं की तळ तपासावा लागतो, दोर ओढून पाहावे लागतात, नव्या पोरापोरींना डोलकाठीवर चढवावं लागतं.

तिकडे मुलांकडे जाणाऱ्यांनी तिकीट काढून जरूर आत जावं. स्थलांतरित ज्या खालच्या मजल्यावर महिनोन् महिने राहिले, तिथे थोडं थांबा.