उतारवयांतील मलावरोध

श्रोतेहो, आजचा विषय पंगतींत काढण्यासारखा नाहीं. किंबहुना तो कोठेंच काढावयाचा नाहीं, अशी आपली रीत आहे. परंतु या संकोचापायीं आमच्या घरीं एका माणसाच्या जिवावर बेतलें होतें. म्हणून आज तो मी बाजूस ठेवीत आहें.

2019 सालच्या पावसाळ्यांत माझे वडील बंधू अण्णा अंगणांत घसरून पडले व त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. वय 78. शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली; पण पुढें नशिबीं आलें तें अंथरूण, वेदनाशामक गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या. सुनेला वारंवार भांडें द्यावें लागूं नये म्हणून अण्णा पाणीहि बेतानेंच पीत. आठ दिवस शौचास झालें नाहीं, हें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. नवव्या दिवशीं मात्र पातळ मळ झिरपूं लागला. हगवण लागली असें समजून मींच जुलाब थांबविण्याची गोळी आणून दिली. दोन दिवसांत पोट नगाऱ्यासारखें फुगलें, उलट्या झाल्या, लघवी अडली आणि अण्णा मला ओळखीनात.

रुग्णालयांत डॉक्टरांनीं बोटानें तपासलें आणि निदान झालें. आपलें मोठें आतडें सुमारें 5 फूट लांब असतें. मळांतील पाणी शोषून घेणें हें त्याचें एक काम. मळ तेथें जितका रेंगाळेल तितका सुकतो. अण्णांच्या गुदाशयांत त्याचा दगडासारखा गोळा बसला होता. वरचा पातळ मळ त्याच्या कडेनें वाट काढीत होता; त्यालाच आम्ही हगवण समजलों. मोरी तुंबली असतां मीं तिची उरलेली फटहि बुजविली! गोळ्याच्या दाबानें मूत्रमार्गहि अडला होता. तो गोळा बोटानें फोडून काढावा लागला, बस्ती द्यावी लागली, तेव्हां अण्णा शुद्धीवर आले.

यावरून कांहीं गोष्टी शिकलों, त्या सांगतों. अफूच्या वर्गांतील वेदनाशामकें, लोह, कॅल्शियम व रक्तदाबाचीं कांहीं औषधें मलावरोध करतात. अशीं औषधें सुरू होतांच त्यावरील उपाय डॉक्टरांस विचारावा. न्याहारीनंतर आतड्यास स्वाभाविक चालना मिळते. तेव्हां वृद्धांस निवांतपणें शौचास बसूं द्यावें. उंच आसन असल्यास पायांखालीं पाट ठेवावा. पालेभाज्या, फळें, कोंड्यासह पिठाची भाकरी व पोळी, थोडें चालणें आणि पुरेसें पाणी, हे खरे उपाय; मात्र हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्यानें पाण्याचें प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावें. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा. पाणी कमी पडल्यास तोच घट्ट होऊन वाट अडवितो. आणि मळाचा गोळा आधींच बसला असेल, तर तो मुळींच घेऊं नये.

आतां सर्वांत महत्त्वाचें. पोटांत मुरडून कळा, पोट फुगणें, उलट्या आणि वारासुद्धां न सरणें, हीं आंत्रावरोधाचीं लक्षणें होत. आतड्यास पीळ पडला असेल, अंतर्गळांत आतडें अडकलें असेल, किंवा आंत गांठहि असेल. अशा वेळीं एरंडेल किंवा कोणतेंहि रेचक देऊं नये. विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. तसेंच उतारवयांत शौचाची संवय एकाएकीं बदलली, रक्त पडलें किंवा वजन घटूं लागलें, तर कर्करोगाची शंका फिटेपर्यंत तपासणी करून घ्यावी.

घरीं परतल्यावर अण्णा म्हणाले, "बाळ, तुला सांगायची लाज वाटली रे." मीं म्हटलें, "अण्णा, मला तरी विचारायची कोठें झाली?" लहानपणीं हाच प्रश्न आपले आईबाप आपणांस रोज सकाळीं विचारीत, त्यांत त्यांना कधीं लाज वाटली नाहीं. श्रोतेहो, आपल्या घरांतील वृद्ध जेवले कीं नाहीं, हें आपण विचारतांच. त्याच मायेनें हाहि प्रश्न विचारीत जा, एवढीच माझी विनंती आहे.